चिंतामणीच्या गावी चिंता घेऊन

मुलं हाताशी आली की आईने तीर्थयात्रेला निघावं, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. मीही गेल्या संक्रांतीला निघाले. फरक इतकाच, की लोक काशी-रामेश्वर करतात आणि मी यवतमाळ केलं. कारण माझं दैवत सध्या तिथे भाड्याच्या खोलीत राहतं आणि (माझी तेव्हा पक्की खात्री होती) उपाशी राहतं.

त्याचं असं झालं. आमच्या चिरंजीवांना एका बँकेत नोकरी लागली. पेढे वाटून झाले, शेजारणींचे चेहरे पाहून झाले आणि मग नेमणुकीचा कागद आला : यवतमाळ. पुण्याहून सहाशे किलोमीटरांहून जास्त लांब! मी कागद तीनदा वाचला. आमच्या ह्यांनी नकाशा काढला आणि शाळामास्तरांच्या थाटात सांगितलं, "विदर्भ. कापसाचा जिल्हा. लोकनायक बापूजी अणे त्याच जिल्ह्यातल्या वणीचे. वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे. साहित्य संमेलन दोनदा झालंय तिथे. १९७३ साली माडगूळकर अध्यक्ष होते, २०१९ साली आपल्या पुण्याच्या अरुणा ढेरे. आणखी काय पाहिजे तुला?"

मला पोळी-भाजी पाहिजे होती. संमेलनाध्यक्षांच्या यादीने माझ्या मुलाचं पोट भरणार नव्हतं.

तो गेला आणि आमचं रात्रीचं संभाषण सुरू झालं. ते रोज एकसारखंच असे.

"जेवलास का?"

"हो."

"काय जेवलास?"

"जेवण."

"अरे पण जेवणात काय होतं?"

"आई, नेहमीचंच. ठेवू?"

ज्या मुलाला मी तीन वर्षं तोंडात बोट घालून बोलायला शिकवलं, तो आता एका शब्दात आईची बोळवण करतो! मी फोनवर चेहरा दाखवायला सांगे, तर तो चेहराच दाखवी. मला चेहरा नको होता, स्वयंपाकघर बघायचं होतं. एकदा चुकून मागे एक मोठं पातेलं दिसलं. ते कुणाचं, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काकूंचा गंज आहे." मी रात्रभर विचार करत राहिले, की ह्या काकूंच्या घरच्या भांड्यांना गंज चढलाय, मग अन्न कसं असेल?

आमच्या इमारतीत आमच्या बरोबर डोक्यावरच्या मजल्यावर चार मुलं राहतात. तीही तिकडचीच, विदर्भातली. शिकतात की नोकरी करतात, मी कधी विचारलं नव्हतं. रात्री अकराला खुर्च्या ओढतात, जिन्यात चपलांचा ढीग घालतात आणि मोठमोठ्याने हसतात. दोन वेळा मी वर जाऊन सज्जड दम देऊन आले होते आणि एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींकडे लेखी तक्रारही केली होती. "ह्यांच्या आयांनी ह्यांना काही वळण लावलं की नाही?" असं मी ह्यांना म्हणायची. हे वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "त्यांच्या आया लांब आहेत." तेव्हा ह्या उत्तराचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता.

संक्रांतीच्या आधी मी निर्धार केला. तिळाच्या वड्या, मेतकूट, भाजणी, लसणीची चटणी, लिंबाचं लोणचं, दोन प्रकारचे लाडू आणि एक छोटा कुकर असं सामान बांधलं. हे म्हणाले, "यवतमाळला बाजार भरतो म्हणे." मी लक्ष दिलं नाही. आईच्या सामानात जी जागा असते, ती बायकोच्या कानात नसते.

यवतमाळला पुण्याहून थेट गाडी नाही. नागपूरकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने धामणगावला उतरायचं आणि तिथून बाभूळगावावरून एस्‌टीने जायचं. सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं. वेचणी बरीचशी झालेली, तरी बोंडांतून राहिलेला कापूस असा काही डोकावत होता, की वाटावं, कुणीतरी पोराने रागाने उशी फाडून शेतभर उधळली आहे. मधूनमधून तुरीच्या काढणीची लगबग. बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. तिने माझ्या पिशव्या मोजल्या आणि विचारलं, "लेकाकडे चालल्या का?"

"तुम्हांला कसं कळलं?"

"लेकीकडे जानारी बाई एवढं सामान नेत नाई. लेकीले सैपाक येते."

साऱ्या प्रवासात इतकं शहाणपणाचं वाक्य मी दुसरं ऐकलं नाही.

चिरंजीव स्टँडवर घ्यायला आले होते. मी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. तो वाळला नव्हता. उलट जरा भरलाच होता! खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. पण आत कुठेतरी खट्टू झालं. एवढी भाजणी घेऊन मी आले, ती काय अशा गुटगुटीत मुलासाठी?

त्याचं उत्तर घरी पोचल्यावर दारातच उभं होतं. घरमालकीणबाई साठीच्या, नऊवारी नेसलेल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. "या बाई, या. सकाळपासून वाट पाहून रायली मी. अन् काहून एवढं वझं आनलं? इथं का दुकाळ पडला?" त्यांनी माझ्या हातातला कुकर काढून घेतला, बाजूला ठेवला आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या तासाभरात माझ्या शब्दकोशाची पार उलथापालथ झाली. 'गंज' म्हणजे पातेलं. ते लख्ख घासलेलं पातेलं माझ्या पातेल्यांपेक्षा उजळ होतं, हे कबूल केलंच पाहिजे. शेंगदाणे म्हणजे 'फल्लीदाणे'. टोमॅटो म्हणजे 'भेदरे'. पिठलं म्हणजे 'चून'. आणि सगळ्यांत मोठी गंमत, कोथिंबीर म्हणजे 'सांबार'!

"तुमच्या लेकानं पयल्या आठवड्यात का केलं मालूम हाय का?" काकू पदराआड हसत म्हणाल्या. "मी म्हनलं, बाबू, येता येता दहा रुपयाचा सांबार आनजो. थ्यानं हाटेलातून डबा भरून सांबार आनला. वरून म्हनते, काकू, दहा रुपयांत कोनी देत नाई, चाळीस लागले!"

त्या दुपारी सांबारवडी होती. म्हणजे कोथिंबिरीचं खमंग सारण पारीत भरून तळलेली लांबोडकी वडी आणि वर कढी. मी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी नको नको म्हणत खाल्ली. चिरंजीवांनी सहा खाल्ल्या. हाच मुलगा पुण्यात कोथिंबिरीची काडी ताटाच्या कडेला वेचून ठेवायचा! मी म्हटलं, "तुला कोथिंबीर आवडत नाही ना?" तर शांतपणे म्हणाला, "कोथिंबीर नाहीच आवडत. हा सांबार आहे."

बावीस वर्षं मी जे करू शकले नाही, ते ह्या बाईने सात महिन्यांत केलं होतं. मी तोंडभर कौतुक केलं आणि मनातल्या मनात जळून खाक झाले.

संध्याकाळी मुलाने गाव दाखवायला नेलं. दत्त चौकातली गर्दी, आझाद मैदान, नवरात्रात जिथे दुर्गोत्सवाची मोठी आरास असते ते रस्ते. इथल्या दुर्गोत्सवाची बरोबरी लोक थेट कलकत्त्याशी करतात. पण माझा पाय रेंगाळला तो जुन्या रेल्वे स्टेशनापाशी. आगगाडी नसलेलं स्टेशन हे लग्नघरी वऱ्हाड निघून गेल्यावरच्या मांडवासारखं दिसतं. इथून मूर्तिजापूरपर्यंत सुमारे ११३ किलोमीटरांचा अरुंद रूळमार्ग होता आणि त्यावर 'शकुंतला' धावायची. धावायची हा शब्द आपला सवयीने म्हणायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इथला कापूस बाहेर न्यायला, एका इंग्रज कंपनीने ही लाइन बांधली. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. मग डिझेलचं इंजिन आलं आणि पुढे काही वर्षांनी गाडीच थांबली.

रात्री काकूंपाशी हा विषय काढला मात्र, त्यांचे डोळे चमकले. त्यांचं माहेर कारंजाचं, म्हणजे शकुंतलेच्या वाटेवरचं. "पाच लेकरं घेऊन जावो मी. दोघं खिडकीत, एक मांडीवर, एक बाकाखाली, अन् एक कुठं हाय थे शोधत. गाडी अशी चाले का मोठा पोरगा खाली उतरून बोरं वेचे अन् पुन्हा डब्यात चढे. मी जीव मुठीत धरून बोंबलो, अन् डायवर म्हने, माय, घाबरू नोको, तुयं पोरगं माया गाडीहून जोरानं पयते!"

आम्ही दोघी इतक्या हसलो, की चिरंजीव खोलीतून बाहेर येऊन विचारते झाले, "काय झालं?" पाच मुलांच्या आईला आणि एका मुलाच्या आईला एकाच गोष्टीचं हसू येतं, ही मला त्या रात्री लागलेली नवी ओळख. त्यांची पोरं आता सगळी बाहेरगावी. एक नागपूरला, दोन लेकी सासरी, एक सुरतेला. "अन् धाकटा?" म्हणून मी विचारणार, तोच त्या कढी झाकायला उठल्या.

रविवारी आम्ही टिपेश्वरला गेलो. यवतमाळहून पांढरकवडा आणि पुढे सुन्ना गावाच्या फाटकातून आत. पहाटेची थंडी अशी, की मी मुलाला कानटोपी घातली. त्याने ती काढली. मी पुन्हा घातली. जीपमधली इतर माणसं पाहत होती. बँकेत जो मुलगा लोकांना कर्ज नाकारतो, त्याला कानटोपी नाकारता येईना, ह्याचं मला समाधान वाटलं.

टिपेश्वर हे अभयारण्य तसं लहान, सुमारे १४८ चौरस किलोमीटरांचं. टिपाई देवीवरून त्याला नाव पडलं म्हणतात. सागाची मोठमोठी पानं, मधूनच पिवळं गवत, पाणवठ्यावर नीलगाई. वाघ आम्हांला दिसला नाही. पण एका वळणावर वाटाड्या तरुणाने जीप थांबवली आणि मातीत बोट दाखवलं. वाघिणीची पावलं. मोठी, एका रेषेत, शिस्तीची. आणि त्यांच्या शेजारून लहान लहान पावलं : कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एके ठिकाणी गोल गोल फिरून पुन्हा मागे. मला एकदम लक्ष्मी रस्ता आठवला. मी साडीच्या दुकानाकडे सरळ चाललेली आणि चिरंजीव प्रत्येक फुगेवाल्यापाशी थांबत, वळत, मागे पडत! जंगलात काय आणि पेठेत काय, आईची वाट सरळ आणि पोराची वाकडी.

मग त्या तरुणाने एका वाघाची गोष्ट सांगितली. ती वर्तमानपत्रांतून गाजली होती. पण तिथे उभं राहून ऐकताना ती वेगळीच वाटली. इथल्या एका वाघिणीच्या पिल्लांपैकी एक नर, 'सी-१' नावाचा. २०१९ च्या फेब्रुवारीत शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलरचा पट्टा घातला आणि जूनमध्ये स्वारीने घर सोडलं. आदिलाबादेकडून तेलंगणात, परत महाराष्ट्रात, नांदेड, हिंगोली, वाशिम असं करत, रस्ते ओलांडत, शेतांतून, रात्री-अपरात्री. वर्षाच्या शेवटी तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर १,३०० किलोमीटर झाले होते. तरीही पाय राहिनात. पुन्हा भटकला, पुन्हा ज्ञानगंगेत आला. सगळी मिळून ३,००० किलोमीटरांहून जास्त चाल! लोकांनी त्याचं नावच 'वॉकर' ठेवलं. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याचा पट्टा काढला.

"आणि तो कुठे आहे हे कळायचं कसं?" मी विचारलं.

"पट्ट्यातून मावशी. तासातासाला उपग्रहावरून ठिकाण समजायचं."

तासातासाला! मी चिरंजीवांच्या गळ्याकडे पाहिलं. त्याने माझं पाहणं पाहिलं आणि मफलर घट्ट गुंडाळून घेतला. "आई, नाही," तो म्हणाला. मी अजून काही बोलले सुद्धा नव्हते.

"आणि त्याची आई?" मी वाटाड्याला विचारलं. "तिने शोधलं नसेल त्याला?"

तो जरा थांबला. "वाघीण शोधत नाही मावशी. साधारण दोन वर्षं जवळ ठेवते, शिकार शिकवते. मग पिल्लाला स्वतःची जागा शोधावीच लागते. राहिलं तर त्याचंच नुकसान."

जीप पुढे निघाली. दोन वर्षं! आणि मी बावीस वर्षांनंतर भाजणी घेऊन माग काढत आले होते. वाघिणीला कुकर बांधता येत नाही, म्हणून तिचं निभतं, अशी मी मनाची समजूत घातली.

त्या रात्री काकूंना जंगलाची हकीकत सांगितली. त्या ऐकत होत्या, पण मधेच गंभीर झाल्या. पांढरकवडा-राळेगावच्या बाजूच्या त्या दुसऱ्या वाघिणीची आठवण त्यांनी काढली. तेरा माणसांच्या मृत्यूशी जिचं नाव जोडलं गेलं आणि जिला २०१८ च्या नोव्हेंबरात गोळी घालण्यात आली, ती. लोक तिला 'अवनी' म्हणत. मागे तिची दहा-अकरा महिन्यांची दोन पिल्लं राहिली. मी चटकन म्हणाले, "बिचारी पिल्लं!" काकूंनी हातातली वात वळता वळता माझ्याकडे पाहिलं. "हाव, पिल्लं बिचारीच. पन जे तेरा गेले, थ्यांच्याही माया होत्याच ना बाई. तवा इकडच्या बाया सांज झाली का वावराच्या वाटेवर उभ्या राहत. लेकरू घरी येईपर्यंत घास उतरे ना."

मी गप्प झाले. माझी चिंता काय होती? मुलगा कोशिंबीर खातो की नाही. आपली चिंता आपल्याला मेरूपर्वताएवढी वाटते. शेजारणीची ऐकली, की ती मोहरीएवढी होते. होते, पण जात मात्र नाही, हीच तर खोड आहे.

परतायच्या आदल्या दिवशी काकू म्हणाल्या, "चला, तुमाले कळंबले नेतो. चिंतामनीचं दर्शन घ्या, म्हंजे डोक्याचा ताप जाईन." कळंब यवतमाळहून तासाभराच्या आतच. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. इंद्राने इथे गणपतीची आराधना केली अशी कथा सांगतात. आता २०२४ च्या फेब्रुवारीपासून वर्ध्याहून कळंबपर्यंत रुंद रुळांची नवी गाडीही सुरू झाली आहे. पुढे ती यवतमाळला, नांदेडला जायची आहे. शकुंतला थांबली, तरी जिल्ह्याने आगगाडीची आशा सोडलेली नाही.

एरवी देवाला जायचं म्हणजे आपण पायऱ्या चढतो, इथे उतरायच्या. जमिनीच्या पोटात गाभारा आणि पुढ्यात कुंड. दर बारा वर्षांनी कुंडातलं पाणी वर चढतं, गणपतीच्या चरणांना लागतं आणि मग ओसरतं, अशी श्रद्धा आहे. खाली गारवा होता. वरच्या उन्हाचा, गाड्यांचा, पेढेवाल्यांचा आवाज जणू कुणी झाकण घालून बंद केला होता. मी हात जोडले आणि मागायला काय आले होते, ते मागू लागले, "देवा चिंतामणी, माझी सगळी चिंता घे."

आणि तिथेच अडखळले. सगळी? म्हणजे उद्यापासून मी रात्री साडेनऊला करायचं काय? 'जेवलास का' हे विचारायचं राहिलं, तर आईपणात उरलं काय? तीस टक्के ठेव आणि बाकीची घे, असं देवाशी घासाघीस करण्याइतकी मी पुणेकर असले, तरी गाभाऱ्यात धीर झाला नाही. मी नुसतीच उभी राहिले.

शेजारी काकूंचे ओठ हलत होते. वर आल्यावर आम्ही ओट्यावर टेकलो. नारळाचा तुकडा माझ्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या, "धाकट्यासाठी मागितलं."

"धाकटे कुठे असतात?"

"पुन्यातच की! दोन सालं झाली. कारखान्यात हाय. चार पोट्टे मिळून खोली केली. तुमचा लेक माया घरी रायला आला ना, तवा मी म्हनलं, मी याले जेवू घालीन, तिकडं माया लेकराले कोनी ना कोनी घालन." त्या पदराने चष्मा पुसू लागल्या. "थो फोनवर काई सांगत नाई. जेवला का म्हनलं, त हाव म्हनते. का जेवला म्हनलं, त जेवन म्हनते. पुन्यात कोनी इचारत असन का वो बाई थ्याले?"

मला तोंड वर करवेना. त्यांचा मुलगा आमच्या इमारतीत नव्हता, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. पण म्हणून काय झालं? माझ्या डोक्यावर चार जण होतेच की. दोन वर्षांत मी त्यांना विचारलं होतं ते एवढंच : आवाज कधी बंद करणार, आणि चपला कधी उचलणार. माझ्या मुलाला परमुलखात एक आई मिळाली होती. आणि कुणाच्या तरी चार मुलांना माझ्या मुलखात मिळाला होता सेक्रेटरींकडे केलेला लेखी अर्ज!

मी काकूंच्या धाकट्याचा नंबर घेतला. दर रविवारी त्याने आमच्याकडे जेवायला यायचं, असं ठरवूनच टाकलं. काकू म्हणाल्या, "थ्याले कोथमीर आवडत नाई बरं." मी म्हटलं, "सांबार म्हणून घालीन."

निघताना माझं सामान आलं होतं त्याहून जड झालं होतं. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत. काकूंनी तर कुकरही भरून दिला. तुरीची डाळ, फल्लीदाणे, कापडात गुंडाळलेल्या वड्या. धामणगावच्या फलाटावर चिरंजीवांनी माझी जागा शोधली, पिशव्या बाकाखाली लावल्या, पाण्याची बाटली हाताशी ठेवली. "जरा तुझा फोन दे, गाणी घालून देतो," म्हणून फोन घेतला, पाच मिनिटं काही खुडबूड केली आणि परत दिला. गाडी हलली. खिडकीशी चालत चालत तो म्हणाला, "आई, वेळेवर जेव." मी मान हलवली. काय जेवशील, ते विचारण्याइतका तो अजून मोठा झालेला नाही.

रात्री कधीतरी गाडी बराच वेळ थांबली. झोप लागेना, म्हणून मी उठून दाराशी गेले. तोच फोन वाजला.

"आई, मनमाड आलं ना? अजून जागी आहेस? आणि दाराशी उभी राहू नकोस."

मी चमकलेच. "तुला रे कसं कळलं मनमाड?"

पलीकडे जरा गप्प. मग तो हसला. "तुझ्या फोनवर तू कुठे आहेस ते मला इथे दिसतं. मी धामणगावलाच चालू करून दिलंय. राग नको मानू हं."

म्हणजे पट्टा घातलाच होता की! फक्त तो वाघाच्या गळ्यात नव्हे, वाघिणीच्या. मी गळ्याशी हात नेला. तिथे मंगळसूत्र होतं आणि त्याचा मफलर होता; तो केव्हा गुंडाळून दिला, ते माझ्या ध्यानातही नव्हतं. हे बंद कसं करायचं, ते मला ठाऊक नाही. ठाऊक झालं, तरी मी करणार नाही. आणि दाराशी उभी आहे, हे त्याला कसं समजलं? ते काही यंत्राने कळत नाही. ते बावीस वर्षं एका घरात राहिल्याने कळतं.

घरी आले, आंघोळ केली, देवापाशी कळंबचा प्रसाद ठेवला. ह्यांनी विचारलं, "काय, सोडवली का चिंता चिंतामणीने?" मी म्हटलं, "वाढवून दिली. एकाची होती, आता सहा जणांची झाली." मग काकूंच्या वड्या तळल्या, कढी केली, गंजात (आता मी गंजच म्हणते) ओतली आणि जिना चढले.

चपलांचा ढीग होता तसाच होता. मी बेल दाबली. आत हसणं चाललं होतं, ते एकदम थांबलं. दार किलकिलं झालं. एक काळासावळा, किडकिडीत मुलगा मला पाहून अंग चोरून उभा राहिला आणि घाईघाईने म्हणाला, "सॉरी काकू, आवाज कमी करतो. चपलाही उचलतो."

"त्या उचल सावकाश," मी म्हणाले. "आधी सांग, जेवलास का?"